पायाचा चेतातंतू आणि एक अपुरे उत्तर

वाचकहो, चार वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारण्यात आला आणि मी त्याचे उत्तर दिले. उत्तर चुकीचे नव्हते. तोच प्रश्न आज कोणी विचारला तर शरीअतच्या दृष्टीने मी तेच उत्तर देईन. तरीही त्या उत्तराचे ओझे माझ्या मनावरून उतरलेले नाही. प्रश्न एका नव्या उपचारासंबंधी होता, आणि असे प्रश्न आता आपल्या घराघरांत येऊ लागले आहेत. म्हणून तो सारा प्रकार तुमच्यापुढे ठेवतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या भागात एप्रिल आणि मे हे आंब्याचे महिने. त्या दिवसांत झाडावरून पडून कोणाचा हात मोडला, कोणाची कंबर गेली, अशा बातम्या दरवर्षी कानी येतात. आमच्या मोहल्ल्यातील तेवीस वर्षांचा एक तरुण झेला घेऊन उंच फांदीवर चढला होता. फांदी मोडली आणि तो पाठीवर पडला. मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून मणका स्थिर करण्यात आला, परंतु आतला मज्जारज्जू पार चिरडला गेला होता. छातीखाली ना हालचाल उरली, ना स्पर्शाची जाणीव. डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितले की यापुढचे काम व्यायामाचे, निगराणीचे आणि सब्रचे आहे.

दहा महिन्यांनी त्याचे वडील असरच्या नमाजनंतर मशिदीत माझ्याजवळ येऊन बसले. गुरुवारी इशानंतर मी तेथे दर्स देतो, एवढाच माझा अधिकार. मी मुफ्ती नाही. त्यांच्या हातात एका खासगी उपचार केंद्राची रंगीत पुस्तिका होती. तिच्यात पोलंडमधील एका माणसाचा, चौकटीच्या आधाराने चालतानाचा फोटो होता. ते म्हणाले, "भाई, पोराच्या पायातली नस काढून तिच्या पेशी पाठीत घालतात म्हणे. आपल्या दीनमध्ये जायज आहे का हे? तुम्ही हो म्हणालात, तर बाकीचं मी बघतो."

मी दोन दिवस मागून घेतले. ग्रंथ चाळले, एका जाणत्या आलिमांना फोन केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितले की जायज आहे.

हे उत्तर कशाच्या आधारे दिले, ते आधी पाहू. त्यासाठी पायातल्या नसेचे आणि पाठीतल्या मज्जारज्जूचे नाते थोडे समजून घ्यावे लागेल.

विळीवर बोट खोल कापले आणि त्यातील चेतातंतू तुटला, तर बोटाचे टोक बधिर होते. शल्यचिकित्सकाने तो तंतू नीट जोडला, तर काही महिन्यांनी त्या टोकाला हळूहळू जाणीव परत येते. तुटलेल्या जागेपासून नवा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकत असतो. हे काम एकटा तंतू करीत नाही. त्याला वेढून असणाऱ्या पेशी आधी तुटलेल्या भागाचा कचरा साफ करतात, मग एकामागे एक रांग धरून एक पोकळ वाटच तयार करतात, वाढीला लागणारी द्रव्ये स्रवतात आणि नवा तंतू आला की त्याच्याभोवती मायलिनचे आवरण गुंडाळतात. अल्लाहने आपल्या हातापायांत ठेवलेली ही दुरुस्तीची व्यवस्था इतकी मूक आहे की ती आहे हे बहुतेकांना आयुष्यभर ठाऊकही नसते.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वॉन यांच्या नावावरून या पेशींना श्वॉन पेशी म्हणतात. मराठी पुस्तकांत हे नाव पुष्कळदा 'श्वान पेशी' असे छापलेले आढळते. आमच्या दर्समध्ये मी एकदा तसेच वाचून दाखविले, तेव्हा मागच्या सफमधील एका बुजुर्गांनी घाईने विचारले की कुत्र्याच्या पेशी माणसाच्या अंगात घालणार काय! तेव्हापासून मी 'श्वॉन' असाच उच्चार करतो आणि तुम्हालाही तीच विनंती आहे. यात कुत्र्याचा काहीही संबंध नाही.

मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र या पेशी नसतात. तेथे आवरण घालण्याचे काम वेगळ्याच पेशी करतात आणि जखम झाली की त्या जागी असा व्रण तयार होतो की तंतूंना पुढे सरकता येत नाही. १९०६ चे नोबेल मानकरी, स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले आणि प्रौढ माणसाच्या मेंदूतील वाटा जणू कायमच्या बंद झालेल्या असतात, असा निष्कर्ष मांडला. परंतु त्यांचेच शिष्य फ्रान्सिस्को तेल्यो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या चेतातंतूचा तुकडा ठेवून पाहिला, तेव्हा मेंदूतील तंतू त्या तुकड्याकडे वळताना दिसले. ही गोष्ट दीर्घकाळ मागे पडून राहिली. १९८१ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांच्या मेंदूच्या देठापासून मज्जारज्जूपर्यंत पायाच्या चेतातंतूचा पूल बसविला. मध्यवर्ती चेतासंस्थेतील जे तंतू वाढतच नाहीत असे मानले जात होते, ते त्या पुलातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले. उंदराच्या अंगाच्या मानाने हे अंतर फार मोठे आहे. म्हणजे तंतूंची वाढण्याची शक्ती मेलेली नव्हती. त्यांना वाट नव्हती. मात्र पुलाच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली की ते तंतू थबकत. हा पेच आजही पुरता सुटलेला नाही. पुस्तिकांतून पूल दाखविला जातो. पुलाच्या पलीकडचा काठ दाखविला जात नाही.

पुढे रिचर्ड आणि मेरी बंज या शास्त्रज्ञ दांपत्याने श्वॉन पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याच्या कामाला आयुष्य वाहिले. ते १९८९ मध्ये अमेरिकेतील मायामी येथील पक्षाघात संशोधन केंद्रात आले. हे केंद्र उभे राहिले त्यामागेही एका पित्याचे दुःख होते. निक बुओनिकाँटी या प्रसिद्ध फुटबॉलपटूचा मुलगा १९८५ मध्ये खेळताना मान मोडून जायबंदी झाला होता. त्या केंद्राला माणसांवर पहिला प्रयोग करण्याची सरकारी परवानगी मिळाली ती २०१२ मध्ये. उंदरापासून माणसापर्यंत यायला एकतीस वर्षे लागली, याची नोंद घ्या. पोटरीच्या मागून घोट्याच्या बाहेरच्या अंगाला जाणारा सुरल नावाचा चेतातंतू काढायचा, त्यातील श्वॉन पेशी काही आठवडे वाढवून कोट्यवधी करायच्या आणि त्याच माणसाच्या मज्जारज्जूच्या जखमेत सोडायच्या, अशी ती पद्धत होती. सहा माणसांवर हा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की पेशींमुळे अपाय झालेला दिसत नाही. चालू लागले कोणीही नाही. प्रयोगाचा हेतूही तो नव्हता. आधी सुरक्षितता पाहायची होती.

आता शरीअतची बाजू. शरीर ही आपली मालमत्ता नाही, ती अल्लाहची अमानत आहे. गरज नसताना त्यावर सुरी चालविण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि स्वतःला आपल्या हातांनी विनाशात लोटण्याची दिव्य कुरआनने मनाई केली आहे. दुसऱ्या बाजूने, आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याची आज्ञा दिली आहे. अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी बसविलेले चांदीचे नाक सडून दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले, असे अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आले आहे. पुरुषांना सोने निषिद्ध, तरीही गरजेपुढे ती मनाई बाजूला झाली. आपण कोकणातील लोक शाफई मसलकचे. त्या मसलकचे थोर इमाम नववी (रह.) यांनी मोडलेले हाड जोडण्यासाठी पाक वस्तू मिळत नसेल तर नापाक हाडही चालेल आणि त्या माणसाची नमाज होईल, असे सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. येथे तर वस्तू पाकच आहे, त्याच्याच देहाची आहे.

दुसऱ्या माणसाचा अवयव घेण्याविषयी आपल्या उलेमांत मतभेद आहेत आणि त्यात भारतीय उपखंडातील काही थोर मुफ्तींनी सावध भूमिका घेतली आहे. परंतु स्वतःचा अंश स्वतःलाच लावण्याविषयी बराच खुलासा झालेला आहे. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये लाभ हानीपेक्षा अधिक असेल तर अशी मुभा दिली. मार्च १९९० च्या अधिवेशनात तर तिने मेंदू व चेतासंस्थेतील पेशींच्या रोपणावर स्वतंत्र ठरावच केला. एका माणसाचा मेंदू दुसऱ्याला बसविणे हा येथे विषय नसून, कमी पडणारे द्रव्य स्रवणाऱ्या पेशी पुरविणे किंवा इजेमुळे चेतासंस्थेत पडलेली फट भरून काढणे हा हेतू आहे, असे तिने आधी स्पष्ट केले. पेशी रुग्णाच्याच देहातील असतील तर हरकत नाही. मात्र त्यासाठी जिवंत गर्भाचा जीव घेऊन त्याच्या मेंदूतील पेशी काढण्यास तिने ठाम मनाई केली. या विषयावर आपल्या फिक्हची नजर पस्तीस वर्षांपूर्वीच गेली होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

ही मनाई निव्वळ ग्रंथातील राहिली नाही. चीनमध्ये गर्भपात झालेल्या गर्भांच्या घ्राणपेशी अर्धांगाच्या रुग्णांच्या मज्जारज्जूत घालण्याचा सपाटा काही वर्षे चालला होता. बाहेरच्या डॉक्टरांनी त्यांतील सात रुग्णांची तपासणी करून २००६ मध्ये लिहिले की उपयोगी पडेल असा लाभ दिसत नाही आणि मेंदूज्वरासारख्या गुंतागुंती मात्र झाल्या आहेत. म्हणून स्वतःच्या पायाचा तंतू ही त्या मानाने कितीतरी स्वच्छ वाट होती. माझे उत्तर या टप्प्यापर्यंत बरोबर होते.

एका बारकाव्याने मात्र मी तेव्हाच थबकायला हवे होते. सुरल तंतू काढला की पाऊलाच्या बाहेरच्या कडेची जाणीव जाते. निरोगी माणसाला एवढा तोटा सहज पेलता येतो. छातीखाली काहीच जाणवत नसलेल्या माणसाला तर तो तोटा कळणारही नाही. म्हणून कोणी म्हणेल की त्याचे काहीच गेले नाही. पण उपचार यशस्वी व्हावा याच आशेने तर तो तंतू काढायचा आहे! अल्लाहने कृपा केली आणि जाणीव परतली, तर पाऊलाची ती कड मागे राहील. जी गोष्ट परत मिळावी म्हणून धडपड, तिचाच एक तुकडा आधी द्यायचा. ते वडील रोज पहाटे मुलाच्या उशाशी सूरह यासीन पढत असत, आणि त्याच सूरहमध्ये त्या दिवसाचा उल्लेख आहे, जेव्हा तोंडांवर मोहर लागेल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. बधिर पायसुद्धा अल्लाहपुढे मुका नसतो. त्याच्याशी काय केले गेले, हे तो सांगेल. एका क्षतीचे निवारण तितक्याच क्षतीने करायचे नाही, हा फिक्हचा नियम मी त्या दिवशी मनात म्हटला आणि पुढे गेलो. क्षती लहान आहे, एवढेच मी पाहिले. लाभ किती आणि कितपत खात्रीचा, हे तोलले नाही.

ते तोलण्याचे मापही आपल्याकडे जुने आहे. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये अपाय दूर करणारी साधने तीन प्रकारची सांगितली आहेत. तहानेला पाणी, भुकेला अन्न, ही निश्चित साधने. ती टाकणे म्हणजे तवक्कुल नव्हे. सर्वसाधारण औषधोपचार हा संभाव्य लाभाचा. तो करावा आणि भरवसा अल्लाहवर ठेवावा. तिसरा प्रकार कल्पित लाभाचा, ज्याच्यामागे न धावणे तवक्कुलला अधिक शोभते. आपल्या हनफी बांधवांच्या घरी 'फतावा आलमगिरी' असेल तर तिच्यातही हीच विभागणी आढळेल. मज्जारज्जूत श्वॉन पेशी घालणे आज कोणत्या प्रकारात मोडते? मायामीच्या शास्त्रज्ञांनीच दिलेल्या हिशेबाप्रमाणे ते पहिल्यात नाही, आणि दुसऱ्यातही अजून आलेले नाही.

पोलंडच्या माणसाचे काय, असे तुम्ही विचाराल. दारेक फिदिका हे त्याचे नाव. २०१० मध्ये सुरीहल्ल्यात त्याचा मज्जारज्जू कापला गेला. २०१२ मध्ये व्रोत्सवाफ येथे डॉ. पावेल ताबाकोव्ह यांनी लंडनचे प्राध्यापक जेफ्री रेझमन यांच्या संशोधनाच्या आधारे त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. मेंदूतील गंधाच्या कंदातून श्वॉन पेशींशी साम्य असलेल्या पेशी घेतल्या, त्या वाढविल्या आणि आठ मिलिमीटरच्या फटीवर त्याच्याच पायाच्या सुरल तंतूच्या पट्ट्यांचा पूल बसविला. २०१४ मध्ये तो चौकटीच्या आधाराने चालत असल्याची बातमी जगभर गेली. हे खरे आहे आणि त्याबद्दल आनंदच वाटला पाहिजे. पण हा एकच माणूस आहे. त्याचा मज्जारज्जू सुरीने स्वच्छ कापला गेला होता, उंचावरून पडणाऱ्याचा तो चिरडला जातो. शिवाय वर्षानुवर्षे कठोर व्यायाम त्याच्या मागे होता. एका माणसावरून नियम बांधता येत नाही, असे अनेक शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले. पोर्तुगालमध्ये नाकाच्या आतील त्वचेचा अंश पाठीत घालून घेतलेल्या एका अमेरिकन तरुणीला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली. शस्त्रक्रिया केली तेव्हा तेथे नाकातल्यासारखाच स्राव करणारी गाठ वाढलेली निघाली. २०१४ मध्येच हाही वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात आला; त्याचा फोटो कोणत्याही पुस्तिकेत नसतो. पेशी तिच्या स्वतःच्याच होत्या. स्वतःच्या पेशी म्हणजे सुरक्षित पेशी, हे समीकरण त्या गाठीने खोटे ठरविले.

आता आमच्या मोहल्ल्यातील त्या घराकडे वळतो. वडिलांनी बागेतील कलमांचा एक तुकडा विकला, आईने बांगड्या दिल्या, दुबईच्या मामूंनी उरलेली रक्कम पाठविली. मुलाला घेऊन ते गेले आणि बारा दिवसांनी परतले. सुरुवातीला ताप, डोके दुखणे, पुढे काहीच फरक नाही. कित्येक महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो असताना उपचाराचे कागद माझ्या हाती आले आणि मी चकित झालो. पायाचा तंतू कोणी काढलाच नव्हता. कमरेच्या हाडातून मज्जा काढून तिच्यातील पेशी पाठीच्या पाण्यात टोचल्या होत्या. पोलंडची बातमी पुस्तिकेत होती ती केवळ कात्रण म्हणून. ज्या गोष्टीला मी जायज म्हटले होते ती झालीच नाही. जी झाली तिच्याबद्दल मला कोणी विचारले नव्हते आणि मीही काही विचारले नव्हते. पुस्तिकेच्या मागील पानावर 'स्वतःच्याच पेशी, सर्व धर्मांना मान्य' असे छापलेले होते. माझे उत्तर त्या ओळीची मोहर बनून त्यांच्यासोबत गेले होते.

तेव्हा वाचकहो, माझी चूक कोठे झाली? पेशी कोठून आली, हा प्रश्न हलाल-हरामचा आहे आणि त्याचे उत्तर ग्रंथांत मिळते. पण विचारणाऱ्या पित्याचा खरा प्रश्न वेगळा होता. तो विचारीत होता की मी माझी बाग विकू का? तो जायजच्या आड उभा राहून माझ्याकडे धीर मागत होता आणि मी त्याला फतव्यासारखे काहीतरी दिले. मी विचारायला हवे होते की किती माणसांवर हे झाले, त्यांचे काय झाले, पैसे कशाचे घेतात, अपाय झाला तर जबाबदार कोण? आपल्या देशाच्या २०१९ च्या नियमांनुसार पेशींपासून बनविलेले उत्पादन नवीन औषधात मोडते. त्याचा प्रयोग करायचा तर शासनाची व नैतिकता समितीची मंजुरी लागते, देशाच्या चिकित्सा-प्रयोग नोंदवहीत नोंद लागते, आणि प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार व भरपाईचा हक्क असतो. प्रयोगातील उपचाराचे पैसे सहभागी होणाऱ्याकडून घेणेही संशोधनाच्या नीतिनियमांत बसत नाही. 'नोंदणी क्रमांक दाखवा,' हे दोन मिनिटांचे काम होते. ती नोंदवही कोणालाही मोफत पाहता येते.

आदरणीय प्रेषितांनी (स.) बजावले आहे की वैद्यकाचे ज्ञान नसताना जो वैद्यकी करतो, तो झालेल्या हानीस जबाबदार आहे. इब्ने कय्यिम (रह.) यांनी या हदीसवर विस्ताराने लिहिले आहे. चांगल्या वैद्याने काय काय पाहावे हे सांगताना त्यांनी एक गोष्ट अशी नमूद केली आहे की रोग बरा होण्याजोगा नसेल तर वैद्याने आपल्या विद्येची अब्रू राखावी आणि निरुपयोगी उपचार करण्यास लोभाला बळी पडू नये. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य कोणत्याही रंगीत पुस्तिकेपुढे ठेवून पाहावे. मात्र मला वाटते की ही जबाबदारी वैद्यापाशी थांबत नाही. ज्ञान नसताना मसला सांगणाऱ्यावरही ती येते, आणि अर्धे ज्ञान असताना पूर्ण उत्तर देणाऱ्यावरही.

याचा अर्थ या संशोधनाकडे पाठ फिरवावी, असा मुळीच नाही. मायामीच्या त्या सहा माणसांचा मी वारंवार विचार करतो. त्यांच्याकडे कोणी आशा विकली नव्हती. सुरक्षितता पाहायची आहे, लाभाची हमी नाही, हे सांगून त्यांची संमती घेण्यात आली आणि त्यांनी पाय पुढे केला. हा व्यवहार खरेदीचा राहत नाही, तो देण्याचा होतो. मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य थांबत नाही अशा कर्मांत, लोकांना उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाची गणना हदीसमध्ये आहे. उद्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत, नोंद झालेल्या प्रयोगात, गंभीर अपायाची भीती नसताना, कोणी मुस्लिम तरुण असा तंतू देऊ इच्छित असेल, तर माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याला रोखण्याचे कारण नाही. तोच तंतू, तीच पोटरी, तीच सुरी. एका ठिकाणी सत्य सांगून घेतलेली अमानत आहे, दुसऱ्या ठिकाणी अर्धसत्य सांगून घेतलेले पैसे. याबाबत आपल्या आलिमांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून बोलले पाहिजे. मी ते केले नाही.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत उशिरा सुचली. सहीह बुखारीत एका कृष्णवर्णी स्त्रीचा प्रसंग आहे, जो इब्ने अब्बास (रजि.) यांनी अता यांना सांगितला. तिला फेफऱ्याचे झटके येत आणि त्यात अंगावरील वस्त्र ढळे. तिने प्रेषितांना (स.) प्रार्थना करण्याची विनंती केली. त्यांनी तिच्यापुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या: सब्र केलेस तर जन्नत आहे, हवे असेल तर मी बरे होण्यासाठी प्रार्थना करतो. तिने सब्र निवडले, फक्त आपला पडदा राहावा एवढी दुआ मागितली. या हदीसवरून उपचार सक्तीचा आहे की नाही, याची चर्चा फुकहांनी पुष्कळ केली आहे. मी आता तिच्यात वेगळे काही वाचतो. अल्लाहचे प्रेषित (स.), ज्यांची दुआ स्वीकारली जाणार होती, तेसुद्धा त्या स्त्रीच्या वतीने निर्णय घेत नाहीत. ते तिला विचारतात, आणि जे सांगतात ते खरे सांगतात. तिच्या वडिलांना नाही, भावाला नाही, तिला.

त्या तरुणाला मी त्या साऱ्या दहा-बारा महिन्यांत एकदाही काही विचारले नव्हते. त्याच्या उशाशी बसून मी त्याच्या वडिलांशी बोलत असे. कागद पाहिले त्या दिवशी प्रथमच मी त्याला विचारले की तुला हे करून घ्यायचे होते का. तो थोडा वेळ छताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही, चाचा. मी हो म्हटलं असतं, अब्बांसाठी. पण विचारायला हवं होतं."

मग काय हवे होते, असे विचारल्यावर त्याने यादी सांगितली, जणू ती केव्हापासून तयारच होती. हवेची गादी; कारण त्या बारा दिवसांच्या धावपळीत त्याची कूस वेळेवर बदलली गेली नव्हती आणि कमरेवर पडलेली जखम भरायला पाच महिने लागले होते. मज्जारज्जूच्या रुग्णाला अशा जखमा आणि लघवीच्या मार्गातील दोष जिवावर बेतू शकतात, हे मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. चाकांची खुर्ची, स्वतःच्या हातांनी ढकलता येईल अशी हलकी. मोबाइल दुरुस्तीचे काम शिकण्यासाठी कोणीतरी माणूस. हे सर्व मिळून विकलेल्या कलमांच्या पाव किमतीतही बसले असते. आणि शेवटी म्हणाला की जुम्याला यायचे आहे.

उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर नमाज पढावी, अशी मुभा प्रेषितांनी (स.) इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना दिली होती. त्याची नमाज घरी पूर्ण होत होती. त्यात काहीही उणे नव्हते. जुमा त्याच्यावर फर्जही राहिला नव्हता, हे मी त्याला सांगितले. त्याला ते माहीत होते.

आमच्या मशिदीला पाच पायऱ्या आहेत. गादी आणि खुर्ची गेल्या वर्षी आली. ती आल्यावर दोन तरुण त्याला खुर्चीसकट उचलून वर नेतात, पण पावसाळ्यात चिरा निसरडा होतो आणि तो स्वतःच नको म्हणतो. एकदा पडलेला माणूस आहे. खुर्चीच्या चाकांनी जाजम नापाक होईल का, असा प्रश्न एका सदस्याने काढला होता. चाके पुसून घेता येतात, हे उत्तर मी या वेळी लगेच दिले आणि मग त्यांना विचारले की तुमचा खरा प्रश्न जाजमाचाच आहे ना. त्यावर ते गप्प राहिले. गवंड्याने उताराचे माप घेतले आहे. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, वुजूखान्याच्या भिंतीला लागून जागा पुरते. खर्चाचा कागद माझ्या खिशात आहे आणि येत्या जुम्यानंतर जमातीची बैठक आहे.